खाला पंचायतीत बसली

बायकांची नावं खालाच्या लक्षात राहत नसत, बांगडीची मापं राहत. "ते दोन-चारवाली नाई का, बोरीच्या झाडापाशी राह्यते थे," असं ती सांगायची आणि ऐकणारीला ती कोण ते बरोबर कळायचं. गावातली समस्त बायकामंडळी तिनं दोन-चार, दोन-सहा आणि दोन-आठ अशा तीन जातींत वाटून टाकली होती. या तिन्हींपलीकडे तिला जात ठाऊक नव्हती, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण मला तिच्या घरी खोली मिळाली ती त्यामुळेच.

माझी बदली त्या गावच्या शाळेवर झाली तेव्हा मी खोली शोधत दारोदार फिरले होते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून मेडशीच्या रस्त्यानं निघायचं आणि मध्येच आत वळायचं, असं ते गाव. प्रत्येक दारात आधी माझं आडनाव विचारलं जाई, आणि ते ऐकलं की खोली नुकतीच दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असे. मी धनजची, बौद्धाची लेक. हा प्रकार मला नवा नव्हता, पण भर उन्हात त्याचा कंटाळा आला होता. खालानं आडनाव विचारलंच नाही. माझा उजवा हात धरला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं आणि म्हणाली, "दोन-सहा. पन हाड नरम हाय, दोन-चार बी जाईन. सामान कुठी हाय तुहं?"

तिचा नवरा मनियार, म्हणजे बांगड्या विकणारा. तो गेल्यावर बांगड्यांची पेटी तिनं डोक्यावर घेतली ती घेतलीच. मुलगा अकोल्याला गॅरेजमध्ये होता. तो दर ईदला "अम्मी, आता चल" म्हणायचा आणि ती दर ईदला "पुढच्या वर्षी पाहू" म्हणायची. अंगावर सुती पातळ, डोक्यावर पदर, तोंडात अर्धी सुपारी. घराला कुलूप लावायची तिला सवय नव्हती, पण पेटीला दोन कुलपं असत. "घरात काय हाय न्यासारखं? पेटीत गावच्या बायाइचे हात हायेत," असं तिचं उत्तर होतं.

बांगड्या भरताना ती बाईचा हात असा काही मळायची की कणीक बरी. हात मळता मळता ती प्रश्न विचारायची, आणि बाई सगळं सांगून मोकळी व्हायची. हात दुसऱ्याच्या ताब्यात असला की माणूस खोटं बोलत नाही, असं माझं तिच्या ओसरीवर बसून झालेलं मत आहे. कोणाची सासू औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खाते, कोणाच्या पोराला लस द्यायची राहिली, कोणाला दिवस गेलेत, हे खालाला नवऱ्यांच्या आधी कळत असे. बांगडी फुटली असा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. मी एकदा काढला. "फुटते थे मडकं!" ती ओरडली. "बांगडी वाढवली म्हन. मास्तरीण हायेस ना?" माझी चूक काढायची संधी मिळाली की तिचा दिवस चांगला जायचा.

घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. तिचं सगळं एसटीवर चाले. सकाळची गाडी आली की चहा, बाराची गेली की जेवण. तीनच्या गाडीवर मात्र तिचा राग होता. ती गाडी स्टँडवर लागली की खाला ओसरीवरून शिव्या घालायची. ड्रायव्हरला नाही, कंडक्टरला नाही, गाडीला. मला आधी गंमत वाटे. मग कळलं की त्या गाडीनं उपकेंद्राची सिस्टर वाशीमला परत जाते आणि तीन वाजल्यानंतर गावात दवाखाना म्हणून जे काही असतं ते बंद होतं.

मी यायच्या आदल्या वर्षी गावातल्या एका सुनेला संध्याकाळी कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण. सिस्टर गेलेली. जीप मिळवून मालेगावकडे निघेपर्यंत वेळ गेला, आणि ती रस्त्यातच गेली, लेकरूही गेलं. ही गोष्ट मला शाळेतल्या बाईंनी सांगितली, किराणा दुकानात सांगितली, दूधवालीनं सांगितली. खाला, जी शेजारणीच्या मांजरीचंही बाळंतपण रंगवून सांगायची, ती याबद्दल एक अक्षर काढत नसे. मीही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या फोडणीच्या वासानं मी तोंड दाबून अंगणात पळाले. परत आले तर ती चुलीजवळून न उठता म्हणाली, "कितवा?"

"तिसरा."

"माहेरी जाशीन?"

माझी आई नव्हती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, नवरा कारंज्याला नोकरीला, शनिवारचा शनिवारी येणारा. मी म्हटलं, "रजा कमी आहे. शेवटपर्यंत इथंच राहीन, वेळ आली की मालेगावला दवाखान्यात जाईन."

मला वाटलं, आता तोंड गोड करील. तिनं झारा खाली ठेवला आणि उठून ओसरीवर स्टँडकडे तोंड करून बसली. मला जरा रागच आला तिचा.

दुसऱ्या दिवशी तीनच्या गाडीसमोर ती उभी राहिली. शाळा सकाळची असल्यानं मी स्वतः हे पाहिलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. सिस्टर चढून बसलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि ही दोन्ही हात कमरेवर ठेवून पुढे.

"कंडक्टर भौ, या पोरीचं तिकीट फाडू नोको."

"काहून वो खाला?"

"इची नोकरी अठी हाय, तू तठी कायले नेऊन राह्यला इले? रोज नेते, रोज आनते. बकरी हाय का थे?"

गाडीतली माणसं हसली. सिस्टर हसली नाही. पंचविशीची पोरगी, लाल झाली, पिशवी घेऊन खाली उतरली. म्हणाली, "चला खाला. मले कुठी ठेवलं थे पाहा आधी. मंग बोला."

गाडी निघून गेली आणि आम्ही तिघी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत गेलो. इमारत चांगली होती, रंग नवा होता. पण सिस्टरच्या राहण्याच्या खोलीला नळ नव्हता. दाराला आतून कडी नव्हती, कोणीतरी उपटून नेली होती. खोलीत बकऱ्यांच्या लेंड्या होत्या. गावापासून तिथपर्यंतच्या वाटेवर एक दिवा नव्हता. "पानी गावातून डोक्यावर आनीन मी," सिस्टर म्हणाली, "पन रातच्याले कोनी दारू पिऊन दार ढकललं तं काय लावू? खुर्ची?" आणि रडायला लागली.

खाला दाराच्या चौकटीवर कडीच्या जागेची भोकं बोटानं चाचपत उभी राहिली. माफी मागणं तिला जमत नसे. तिनं सिस्टरला घरी आणलं, चहा पाजला आणि बळंच तिच्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या. "खाला, ड्युटीवर चालत नाई," ती पोरगी म्हणत होती. "मंग घरी जाऊन काढजो," खाला म्हणाली. त्या दिवसापासून तीनच्या गाडीला शिव्या बंद झाल्या. आता त्या पंचायतीच्या वाट्याला आल्या.

आमच्या पंचायतीची रीत सांगायला हवी. सरपंच बाई होत्या, कारण जागा बायकांसाठी राखीव होती. खुर्चीवर मात्र त्यांचे यजमान बसत आणि लोक त्यांनाच सरपंच म्हणत. बाई घरी सह्या करीत. ग्रामसेवकाकडे तीन गावं, त्यामुळे तो ज्या गावात शोधाल तिथे सोडून बाकीच्या दोन गावांत असे. गावातल्या पोरांनी उपकेंद्रासाठी निवेदनं दिली होती. एकदा नाही, दरवर्षी. निवेदन देताना सगळे मिळून एकच कागद धरत, कॅमेऱ्याकडे पाहत, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या मोबाइलांवर पोचे. कागद कुठे पोचे ते कोणालाच माहीत नसे. खाला आठवड्यातून दोनदा पंचायतीत जाऊ लागली. "पाहू," यजमान म्हणत. "निधी आला की पाहू." निधी आला, आणि कळलं की त्यातून गावाच्या वेशीवर स्वागत कमान होणार आहे.

कमानीची बातमी आली तशी निवेदनवाली पोरं पेटली. श्रावण लागला होता. चार-पाच जण मोटारसायकलींवरून आमच्या ओसरीवर आले.

"खाला, दोन डझन हिरव्या दे. ताट सजवाचं हाय."

"कोनासाठी?"

"सरपंचाच्या नवऱ्यासाठी. मोर्चा नेऊन राह्यलो, बांगड्याइचा आहेर कराचा त्याले."

खालानं पेटी उघडली, लडी बाहेर काढल्या आणि शांतपणे विचारलं, "त्याचं माप काय?"

"माप? खाला, थो घालनार हाय का! बेइज्जती कराची हाय त्याची."

तिनं लडी पुन्हा आत ठेवल्या. एक कुलूप लावलं. दुसरं लावलं. मग सुपारी थुंकली. मला कळलं, आता काही खरं नाही.

"माह्या बांगडीनं बेइज्जती होते काय बे? ज्या हातात मी बांगड्या भरते ना, थे हात सोयाबीन सोंगते, कापूस येचते, तुह्यासारखे पोट्टे जन्माले घालते. थे हात नामर्द हायेत? आन् तुहा हात बिनबांगडीचा, थो काय करून राह्यला दोन साल? कागद धरून फोटू काढून राह्यला!"

"खाला, थे रीत हाय मोर्च्याची..."

"रीत! बायकोच्या हातात बांगडी घालते तवा सौभाग्य, आन् मानसाच्या हातात गेली का गाली? जा. नाई देत."

"मालेगावहून आनतो मंग."

"आन. पन मंग तुह्या बहिनीच्या लग्नात चुडा भराले मले बलावू नोको. तुह्याच काय, जो जो मोर्च्यात जाईन त्याच्या घरात माही पेटी येनार नाई."

पोरं गेली. मोर्चा बारगळला. गावात दोन दिवस खालाला नावं ठेवण्याचा कार्यक्रम झाला: म्हातारी सरपंचाला फितली, म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही तिचा राग आला होता. माझं पोट दिसायला लागलं होतं, आणि जी काही एक गडबड होणार होती ती हिनं बांगडीच्या मानापायी मोडली होती. मी तसं बोललेही. "खाला, मान घेऊन काय करू मी? मला सिस्टर हवी आहे."

"मले काय हवं हाय?" ती म्हणाली. "बस गप."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्या गावात ती सभा शिपायाच्या काखेत असे. तो रजिस्टर घेऊन घरोघर जाई, बायका भाकरी थापता थापता सही किंवा अंगठा देत आणि सभा पार पडे. मी स्वतः एकदा पीठ लागलेल्या हातानं सही केली होती. त्या वर्षी शिपाई आमच्या दारात आला तेव्हा खालानं त्याला पाटावर बसवलं, चहा दिला आणि पंचायतीच्या भोंग्यावरून आणखी एक गोष्ट सांगायला लावली. ती अशी की, या सणाला खाला कोणाच्याही घरी येणार नाही, ज्या बाईला बांगड्या भरायच्या असतील तिनं सभेच्या दिवशी पंचायतीत यावं.

राखी, पोळा, महालक्ष्म्या असा सगळा सणांचा हंगाम पुढे होता. त्या दिवसांत जुन्या बांगड्यांनी कोण राहील? सभेच्या दिवशी पंचायतीबाहेर चपलांचा ढीग पडला. आत सतरंजीवर मधोमध खाला, समोर पेटी उघडी, आणि भोवती बायकाच बायका. शिपाई रजिस्टर घेऊन भिंतीला चिकटून उभा होता. ग्रामसेवक त्या दिवशी नेमका आमच्याच गावात सापडला.

"हा काय बाजार मांडला इथं?" तो म्हणाला.

"तुमी सुरू करा ना साहेब," खाला म्हणाली. "आमचे हात गुतले हायेत, कान मोकये हायेत."

सरपंचबाईंसाठी घरून निरोप आला होता की खालानं घरी येऊन भरून द्याव्यात. खालानं निरोप परत पाठवला. मग बाई स्वतः आल्या. लाजत, पदर सावरत. पंचायतीच्या त्या खोलीत त्या किती वेळा आल्या असतील कोण जाणे, कारण कुठे बसावं ते त्यांना समजेना. "ये वं दोन-आठ," खालानं हाक मारली आणि त्यांचा डावा हात धरला. यजमान दारात उभे होते.

डाव्या हातात बांगड्या चटचट गेल्या. उजवा हात हातात घेतल्यावर मात्र खालाला काय झालं कोणास ठाऊक. लडीचा दोरा सुटेना. रंग जुळेना. हात मळते आहे, मळते आहे. दारातून यजमान म्हणाले, "चला, झालं ना? सह्या घरी करता येतीन." पण एक हात भरलेला आणि एक मोकळा अशी बाई आमच्याकडे जागची उठत नाही, ते अशुभ. यजमानांनाही हे माहीत होतं. ते चौकटीला टेकून उभे राहिले. सरपंचबाई बसून राहिल्या, आणि बसल्या म्हणून ऐकत राहिल्या.

कोणी सासूच्या गोळ्यांचं बोललं, कोणी लसीचं. मी उठून उभी राहिले. माझं पोट सगळ्यांना दिसत होतं, मला फार बोलावं लागलं नाही. मग मागून एक म्हातारी बाई उठली. ती विधवा, तिला बांगड्या भरायच्या नव्हत्या, तरी आली होती. रस्त्यात गेली ती पहिलटकरीण तिची सून. ती एवढंच म्हणाली, "कमान बांधा, बाप्पा. पन माही सून कमानीखालून नेली असती तं वाचली असती का?"

खालाचे हात थांबले. सरपंचबाईंनी मान वर केली.

"लिहा," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या. "सिस्टरच्या खोलीले नळ. दाराले कडी. वाटेवर दिवे. कमान मंग पाहू."

ग्रामसेवकानं दाराकडे पाहिलं.

"तिकडे कायले पाहून राह्यले? सही माही असते ना?"

उरलेल्या बांगड्या खालानं डोळ्याचं पातं लवायच्या आत भरल्या, आणि त्याच हातानं बाईंनी ठरावावर सही केली.

कागदावर आलं म्हणजे झालं असं नाही, हे कोणाला सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशीपासून खाला पंचायतीत नेमानं बसू लागली. बोलायची काही नाही. पेटी घेऊन बसायची. बांगड्या भरायला बायका तिथेच यायच्या, आणि येणारी प्रत्येक बाई विचारायची, "नळाचं काय झालं?" यजमान कंटाळले. खड्डा खणणारा आला तेव्हा खाला खड्ड्याच्या काठावर बसली. कडी लागली तेव्हा तिनं आत जाऊन दार लावून घेतलं आणि मला बाहेरून धक्के मारायला लावलं, मला आठवा महिना असताना! "जोरात मार वं," आतून ओरडत होती. नवरात्राच्या सुमारास सिस्टर स्टोव्ह, बादली आणि गादी घेऊन राहायला आली.

माझी तारीख दिवाळीनंतरची होती. मालेगावच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, नवऱ्यानं गाडी सांगून ठेवली होती, सगळं व्यवस्थित. माझ्या लेकीला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती दिवाळीच्या आधीच, मी पोरांच्या सहामाही परीक्षेचे पेपर तपासत असताना, दुपारच्या चारला निघाली. तीनची गाडी गेलेली. नवऱ्यानं सांगून ठेवलेल्या गाडीवाल्याला फोन केला, तो निघालाही. तोवर खाला आणि शाळेतल्या बाई मला उपकेंद्रात घेऊन गेल्या. सिस्टर मागच्या अंगणात नळावर कपडे धूत होती. गाऊनवर, फेसाच्या हातांनी पळत आली. पुढचं मला तुटक आठवतं. तिचा आवाज आठवतो, जो तीनच्या गाडीत बसणाऱ्या त्या पोरीचा वाटतच नव्हता. नंतर तिनं सांगितलं की रक्त जरा जास्त गेलं होतं, आणि रस्त्यात असते तर कठीण होतं. गाडी आली तेव्हा लेक रडून दमून झोपली होती.

खाला आत आली. मला वाटलं, आधी लेकीचा हात पाहील आणि माप सांगेल. तिनं लेकीकडे पाहिलंही नाही. खाटेपाशी खाली बसली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. दाबला, मनगट चाचपलं, पुन्हा दाबला. मला वाटलं, सवयच ती.

"त्या पोरीच्या हातात बी मीच भरल्या होत्या," ती म्हणाली.

कोणत्या पोरीच्या, हे विचारावं लागलं नाही.

"सातव्या महिन्यात भरल्या हिरव्या. हसून राह्यली होती, गुदगुल्या होते म्हने. मंग दोन महिन्यानं पुन्हा बोलावनं आलं. सवाशीन गेली तं हिरवा चुडा भरूनच न्या लागते ना बाई. भरल्या मी. हात मळला, लय मळला. नरमच होये ना. थंडा हात, बाई. काच जाये ना आत." ती थांबली. "तवापासून माह्या हाताले थोच हात लागून हाय. कोनाच्या बी भर, थोच."

मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझा हात मळत होती, जोरात, बांगडी भरायची नसताना.

"खाला, दुखते ना."

"दुखू दे जराशीक," ती म्हणाली.

मग मी तो हात सोडवून घेतला नाही.